वाढत्या अंगाचा कॉस्च्युम

आधीच कबूल करून टाकते, मला पोहता येत नाही. अठ्ठावीस वर्षं मी प्रतापनगरात स्विमिंग पुलासमोर पोहण्याच्या कपड्यांचं दुकान चालवलं, किती पोरींना पाण्यात पाठवलं याची गणती नाही, आणि स्वतः त्या पुलात पायाचा अंगठासुद्धा बुडवला नाही. लोकांना हे सांगितलं की हसतात. हसा बापा, माझी ना नाही.

या अंकाच्या संपादक ताई घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, "मावशी, दुकानातल्या गमतीजमती लिहा." गमती पुष्कळ आहेत. एक गृहस्थ कॉस्च्युमचा रंग जातो का ते बघितल्याशिवाय घेईनात, म्हणून मी मागच्या मोरीतून बादली भरून आणली आणि भर दुकानात त्यांच्यासमोर कॉस्च्युम बुचकळून दाखवला. रंग गेला नाही. मग म्हणाले, "आता हा ओला झाला, दुसरा द्या." एक आजी नातीच्या कॉस्च्युमला कोपरापर्यंत बाह्या लावून मागत होत्या, तेही मी करून दिलं, शिलाई मशीन होतीच. एका बाईंना कॉस्च्युमवर ओढणी कशी घ्यायची ते विचारायचं होतं. अशा गमती दिवसभर सांगेन. पण कागद घेऊन बसले की एकच पोरगी डोळ्यासमोर येऊन उभी राहते, आणि ती गंमत नाही. तेव्हा ताई, रागावू नका, तुम्ही मागितलं ते थोडं आणि न मागितलेलं जास्त लिहून राहिले.

आधी धंद्याबद्दल दोन गोष्टी. आमचं दुकान मूळचं खेळाच्या सामानाचं. आमचे हे बॅट, बॉल, रॅकेट विकायचे आणि मी मागच्या अर्ध्या भागात पडदा लावून मुलीबायकांचे कॉस्च्युम, टोप्या, गॉगल. एप्रिल लागला, शाळा सुटल्या, समर कॅम्प सुरू झाले की पडद्यामागे पाय ठेवायला जागा नसायची. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. पोरींना पोहण्याची हौस असो नसो, पाण्यात बसायला मिळतं म्हणून सगळ्या येत.

आणि प्रत्येकीची आई एकच वाक्य बोले. "वाढत्या अंगाचा द्या."

यात त्यांची काही चूक नव्हती. शाळेचा फ्रॉक आपण तसाच घेतो. खाली चार बोटं दुमड ठेवायची, दरवर्षी थोडी उसवायची, तीन वर्षं काढायची. माझ्या आईनं तेच केलं, मी माझ्या पोरींना तेच केलं. पण पोहण्याच्या कपड्याला हा हिशेब चालत नाही. हा कपडा ओला झाला की सैल पडतो. कोरडा असताना जरा जास्तच घट्ट वाटला पाहिजे, तेव्हा तो पाण्यात बरोबर बसतो. ढिला असला की त्यात पाणी भरतं, पोरगी पोहायला लागली की मागं ओढतं, खांद्यावरून पट्टे घसरतात. मला हे पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण आईला हे समजावत बसलं की ती शेजारच्या दुकानात जाते. म्हणून मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. पोरगी आरशासमोर उभी राहून "ढिला आहे" म्हणाली की मी म्हणायची, "पाण्यात गेला का बसते अंगाले."

हे वाक्य साफ खोटं आहे. पाण्यात उलट होतं. पण मी ते इतक्या वेळा बोलले की मला स्वतःलाही खरं वाटायला लागलं होतं. आई खूश, मी खूश, आणि नुकसान काय, तर पोरगी थोडी हळू पोहायची. त्यानं कोणाचं काय बिघडतं, असं मला वाटे.

आता दुसरी गोष्ट, जी आम्ही पडद्याच्या मागंसुद्धा हळू आवाजात बोलायचो. दहा-अकरा वर्षांच्या पोरी माशासारख्या पोहायच्या. बारा-तेराव्या वर्षी एकेक कमी व्हायला लागायची. पुलावर पोहणं शिकवणारे सर चांगला माणूस. त्यांच्या हजेरीच्या वहीत महिन्यातून पाच दिवस पोरींच्या नावापुढं "पोटदुखी" लिहिलेलं असायचं. पुरुष माणूस, विचारणार काय? त्यांनी आपल्या मनानंच हा शब्द ठरवून टाकला होता. त्या पाच दिवसांत पोरी माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसत आणि काचेतून पुलाच्या गेटकडे बघत.

"मावशी, काही उपाय नाही का वं?" त्या विचारायच्या.

उपाय काय होते? काळा कॉस्च्युम, त्याच्यावर काळी चड्डी. पॅड पाण्यात नेता येत नाही, तो पुलाचंच पाणी पिऊन फुगतो. टॅम्पॉन आणि कप मी ड्रॉवरमध्ये ठेवत असे, मोठ्या मुली न्यायच्या. पण तेरा वर्षांच्या पोरीच्या आईसमोर ते काढले की ती ड्रॉवर बंद होईपर्यंत दुसरीकडे बघायची. मी त्यांना हसले नाही कधी. मला माझी आई आठवायची. आमचं गाव सावनेरच्या पुढं, घरामागं नदी. तेराव्या वर्षापर्यंत मी दिवसभर तिथं डुंबायची, पोहणं येण्याच्या बेतात होतं. मग एके दिवशी आईनं मला बाजूला बसवलं आणि नदी बंद झाली. पाच दिवसांपुरती नाही, कायमची. पुन्हा कोणी जा म्हटलं नाही, मीही हट्ट केला नाही. म्हणून त्या स्टुलावर बसलेल्या पोरींकडं बघितलं की मला ती नदी दिसायची.

आणि म्हणूनच, पीरियड कॉस्च्युम नावाची वस्तू निघाली आहे असं पहिल्यांदा कळलं तेव्हा मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. सहा पीस मागवले. पार्सल फोडून ते उलटेपालटे करून पाहिले. दिसायला साध्या कॉस्च्युमसारखा. पण आत, जिथं पाहिजे तिथं, कापडाचे तीन-चार पदर: अंगाला लागतो तो कोरडा राहणारा, मधला शोषून घेणारा, बाहेरचा डाग बाहेर येऊ न देणारा. पॅड लावायची गरज नाही. कमी जात असेल तर तास-दोन तासांच्या प्रॅक्टिसला पुरतो. जास्त जाण्याच्या दिवशी मात्र एकट्या त्याच्या भरवशावर राहू नये. पोहणं झालं की लगेच बदलायचा, थंड पाण्यात खळबळून सावलीत वाळत घालायचा, इस्त्री फिरवायची नाही. सोबत एक कागद होता. त्यावर सगळ्यांत वर, ठळक अक्षरात लिहिलं होतं की मांडीला आणि कमरेला घट्ट बसेल तोच नंबर घ्यावा. ढिला असेल तर पाणी आत-बाहेर होतं आणि त्या पदरांचा काही उपयोग राहत नाही.

मी तो कागद वाचला होता. हे मुद्दाम लिहून ठेवते.

तन्वी तेव्हा तेरा वर्षांची होती. सावनेरची पोरगी. वडील कोळशाच्या खाणीत नोकरीला, ते तिकडंच राहायचे. आई तन्वीला आणि तिच्या धाकट्या बहिणीला घेऊन प्रतापनगरात एका खोलीत राहायला आली होती. कशासाठी? तर पोरीच्या पोहण्यासाठी. दुसरं कारणच नव्हतं. सर म्हणाले होते, "ही पोरगी पुढं जाईन, पण रोज पाण्यात पाहिजे." एवढ्या शब्दावर त्या बाईनं घर दोन ठिकाणी केलं. गावाकडची म्हणून माझा तिच्यावर जीव होता. तन्वी बोलायची कमी, पण पाण्यात उतरली की बाकीच्या पोरी काठाला धरून तिच्याकडंच बघायच्या.

त्या वर्षी तिचेही पाच दिवस सुरू झाले. सर आईला म्हणाले, "महिन्याचे पाच दिवस म्हणजे वर्षाचे दोन महिने गेले. कसं जमणार?" त्यात निवडीची स्पर्धा नेमकी त्याच तारखांच्या आसपास येत होती. आई माझ्याकडं रडायच्या बेतात आली. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "काहून घाबरून राहिली वं? माझ्याजवळ आहे औषध."

तन्वीला तीस नंबर बसायचा, माझ्या नजरेला टेप लागत नाही. तीसचा एकच पीस होता. आणि तो मी ड्रॉवरमध्ये बाजूला ठेवला होता, कारण एका डॉक्टरीणबाईंचा त्यांच्या मुलीसाठी फोन आला होता. अशा बाई दुकानात आल्या की चार ओळखीच्यांना सांगतात. मी काही बोलायच्या आतच तन्वीची आई म्हणाली, "बत्तीसचा द्या मावशी. वाढत्या अंगाचा. एवढा महागाचा कपडा, पुढच्या उन्हाळ्यात झाला पाहिजे ना."

खरं सांगू? मला सुटल्यासारखं झालं. तीसचा ड्रॉवरमधून काढायची वेळच आली नाही.

तन्वी पडद्यामागून घालून आली. आरशात बघितलं, खाली वाकली, उभी राहिली. हळूच म्हणाली, "मावशी, मांडीत ढिला वाटून राहिला."

आणि मी म्हटलं, "पाण्यात गेला का बसते अंगाले."

स्पर्धेला मी गेले नव्हते, दुकान होतं. जे झालं ते सरांनी येऊन सांगितलं. पहिल्या शर्यतीत तन्वी दुसरी आली. सगळे टाळ्या वाजवत होते. ती शिडीवरून वर आली आणि मांडीवरून ओघळ गेला. ओल्या अंगावर थोडंसंही केवढं तरी दिसतं. प्रेक्षकांतून कोणीतरी हसलं, कोणीतरी ओरडलं, "पाणी बदला रे." सरांनी टॉवेल फेकला. आईनं तिला धरून कपडे बदलायच्या खोलीत नेलं ते दोघी बाहेर आल्याच नाहीत. दुपारची शर्यत, जिच्यासाठी सगळा आटापिटा होता, तिच्यात तन्वीची लेन रिकामी राहिली.

हे सांगून झाल्यावर सरांनी मला सरळ विचारलं, "मावशी, कॉस्च्युम बराबर होता ना?"

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. नवीन माल, पाच पीस विकायचे. मी म्हटलं, "कॉस्च्युम बराबर होता सर. एखाद्या पोरीले जास्त जाते. त्याले कॉस्च्युम काय करन?"

सर मान हलवून निघून गेले. आठवड्याभरात खोली रिकामी झाली. आई पोरींना घेऊन सावनेरला परत गेली, जाताना माझ्याकडं आलीसुद्धा नाही. आणि डॉक्टरीणबाई? त्यांनी मोबाइलवरून दुसरीकडून मागवला. त्या तीस नंबर घ्यायला कधी आल्याच नाहीत.

मी तेव्हाच सावनेरला जाऊन सांगायला पाहिजे होतं. तासाभराची बस. माहेरी जाताना मी त्याच रस्त्यानं जायची. दर वेळी मनात यायचं, उतरावं, पत्ता विचारावा. दर वेळी कारण सापडायचं. हातात सामान आहे, ऊन आहे, परतीची गाडी चुकेल. मग वर्ष गेलं, आणि एक वर्ष गेल्यावर काय तोंडानं जायचं, हे नवीन कारण मिळालं.

एवढं मात्र केलं की त्यानंतर दुकानात एकाही पोरीला ढिला कॉस्च्युम दिला नाही. "वाढत्या अंगाचा" म्हटलं की मी सांगायची, "बाई, फ्रॉक घ्यायचा तर खुशाल घ्या, हा मिळणार नाही." गिऱ्हाइकं तुटली. शेजारच्याचा धंदा वाढला. पडद्यामागं पोरीला मी पाच उठाबशा काढायला लावायची, वाकायला लावायची, आणि तिचं तिलाच विचारायची, "कुठं ढिलं वाटते? खरं सांग." पोरी हसायच्या, मला पीटी टीचर म्हणायच्या. आईला हळूच सांगायची की पहिल्यांदा घरीच घालून पाहू द्या, टबभर पाण्यात बसू द्या, मग पुलावर पाठवा.

एक काका आले होते, किराणा दुकानवाले, बायको वारलेली. हातात पोरीनं लिहून दिलेली चिठ्ठी. त्यांनी चष्मा लावून भर दुकानात खणखणीत आवाजात वाचली, "पीरियड कॉस्च्युम, अठ्ठावीस नंबर, निळा, घट्ट पाहिजे." सगळं दुकान वळून बघायला लागलं. काका गोंधळून म्हणाले, "काहून? लिहिलं आहे तेच वाचलं. काही चुकलं का?" मी म्हटलं, "नाही भाऊ, तुम्ही एकटेच बराबर बोलले." त्या दिवशी मला फार बरं वाटलं. पण बरं वाटल्याबरोबर तन्वी आठवली. हे असंच व्हायचं.

यंदा दुकान बंद करायचं ठरलं. गुडघे चालत नाहीत. उरलेला माल काढायला बसले होते, तर काचेचं दार ढकलून दोघी आत आल्या. मोठी वीस वर्षांची, गळ्यात विमानतळाजवळच्या मिहानमधल्या कंपनीचं ओळखपत्र. तिच्याबरोबर बारा-तेराची, दोन वेण्यांची. मोठीनं "मावशी" म्हटलं आणि मी ओळखलं.

ओवीसाठी आली होती, धाकट्या बहिणीसाठी. नोकरी लागल्यावर तन्वीनं पुन्हा प्रतापनगरातच खोली घेतली होती आणि बहिणीला शाळेत इथं घातलं होतं. ओवीला पोहायचं होतं. "आई नको म्हणून राहिली होती," तन्वी म्हणाली. "मीच आणली."

मी विचारलं, "आणि तू? तू पोहते का नाही?"

"नाही मावशी." ती साधं बोलत होती, तक्रार नव्हती. "एकदा-दोनदा उतरली. पाण्यातून वर यायच्या वेळेले हातपाय गार पडते. मले वाटते माझ्या मागं सगळे पाहून राहिले." मग म्हणाली, "आईनं डॉक्टरकडंही नेलं होतं. तुम्ही सरांना म्हटलं होतं ना, एखाद्या पोरीले जास्त जाते म्हणून, ते सरांनी आईले सांगितलं. डॉक्टर म्हणे सगळं नॉर्मल आहे. पण माझ्या डोक्यातून गेलंच नाही, का माझ्याच अंगात काही खराबी आहे. ओवीचं तसं नको व्हायला, म्हणून विचारायला आली. तिच्यासाठी वेगळं काही मिळते का?"

सात वर्षं. त्या पोरीनं माझं एक वाक्य सात वर्षं अंगावर वागवलं.

मी स्टुलावर बसले. ओवीला म्हटलं, "बेटा, पडद्यामागं जाऊन टोप्या पाह्य." आणि तन्वीला सगळं सांगितलं. नंबर चुकीचा होता. कागदावर लिहिलं होतं, मी वाचलं होतं. तू ढिला म्हटलं होतं, तू बरोबर होती. तुझ्या अंगात तेव्हाही काही खराबी नव्हती. सरांना मी खोटं बोलले, दुकानाच्या नावासाठी.

मला वाटलं रडेल, नाहीतर ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त एक विचारलं.

"तेव्हा तीस नंबर नव्हता का तुमच्याजवळ?"

"संपला होता" म्हणणं किती सोपं होतं. अठ्ठावीस वर्षं गिऱ्हाइकांना तेच सांगत आले. जिभेवर तयारच होतं. पण मी म्हटलं, "होता. या ड्रॉवरमध्येच होता. दुसऱ्या कोणासाठी ठेवला होता."

तन्वीनं ड्रॉवरकडं पाहिलं. मग उठली आणि पडद्यामागं गेली. ओवीसाठी तिनंच नंबर निवडला, मला विचारलं नाही. आतून तिचा आवाज येत होता, "वाक. आता बस. उठ. मांडीत ढिला वाटते का? घाई नको करू, नीट सांग. तुले वाटते तेच बराबर." पाच वेळा उठवलं-बसवलं तिनं बहिणीला.

मी पैसे नको म्हटलं. तिनं पूर्ण पैसे काउंटरवर ठेवले आणि पिशवी उचलली. ओवी जाता जाता हात हलवून "येतो मावशी" म्हणाली.

तन्वी दारात थांबली. म्हणाली, "जातो आम्ही."

आपल्याकडं निघताना असं कोणी म्हणत नाही. दुसरी कोणी पोरगी असती तर मी तिथल्या तिथं टोकलं असतं, जातो नाही म्हणू बेटा, येतो म्हणावं. तिला नाही टोकलं. दार लागलं, आणि त्या दोघी रस्ता ओलांडून पुलाच्या गेटमधून आत गेल्या. ओवी पाण्याकडं पळाली. तन्वी काठापासून बऱ्याच लांब, भिंतीला टेकून उभी राहिली, हातात बहिणीचा टॉवेल उघडून धरलेला.